पाद्र्याचं इंजिन आणि बांगड्याचा बर्फ

वय पंचावन्न, अंगात इस्त्रीचा शर्ट, आणि मी शेजाऱ्यांच्या कचऱ्याच्या पिशवीत कोपरापर्यंत हात घालून शीतपेयांचे रिकामे डबे शोधत होतो. नेमका तेव्हाच पदेर, म्हणजे आमचा पाववाला, आला. भोंपू वाजवायचं विसरून तो सायकलवर बसल्या बसल्या माझ्याकडे बघत राहिला. दुसऱ्या दिवसापासून त्याने आमच्या घरी पाव उधारीवर द्यायला सुरुवात केली, मी मागितलेलं नसताना.

या नामुष्कीला कारण एक स्कॉटिश पाद्री. रॉबर्ट स्टर्लिंग त्याचं नाव. 1816 साली हा गृहस्थ पाद्री झाला आणि त्याच सप्टेंबरात त्याने एका इंजिनाच्या पेटंटसाठी अर्ज केला. वय पंचविशीचं. मी पंचविसाव्या वर्षी फोंड्याच्या बसस्टँडवर उभा राहून नोकरीचे अर्ज लिहीत होतो. तर या इंजिनात वाफ नाही, पेट्रोल नाही, आत स्फोटही नाही. डब्यात कोंडलेली साधी हवा. तिला एकीकडून तापवायचं, दुसरीकडून थंड करायचं, की चाक फिरतं. उष्णता कशाचीही चालते: लाकूड, ऊन, कंदील, गरम चहा.

हे मी गेल्या श्रावणात, सलग दुसऱ्या रात्री दिवे गेलेले असताना, मोबाईलच्या उरलेल्या नऊ टक्क्यांवर वाचलं. डोक्यात दिवा लागला. घरातला एवढाच लागला.

मी कॉमर्सचा माणूस. वीस वर्षं लेजर सांभाळलं. त्यामुळे या इंजिनातली एक गोष्ट मला इंजिनीअरांच्या आधी कळली असा माझा दावा आहे. गरम हवा थंड बाजूला जाताना आपली उष्णता वाटेतल्या तारांच्या जाळीत ठेवून जाते आणि परत येताना तीच उचलून नेते. म्हणजे चक्क बचत खातं! आज रीजनरेटर म्हणतात त्याला स्टर्लिंगने ‘इकॉनॉमायझर’ असं नाव दिलं होतं, काटकसऱ्या. धर्मोपदेश करणाऱ्या माणसाला उष्णतेची उधळपट्टी बघवली नाही. मीही भांडी घासायची स्टीलची जाळी उसवून इंजिनात कोंबली. त्या दिवशी घरातली कढई करपलेलीच राहिली आणि काटकसरीवर मला वेगळं प्रवचन ऐकावं लागलं.

पहिलं इंजिन शीतपेयाच्या डब्याचं. खाली स्पिरिटचा दिवा, वर पाण्याची वाटी, मध्ये डब्यात वरखाली होणारा एक हलका ठोकळा. इंग्रजीत त्याला डिस्प्लेसर म्हणतात, आमच्या घरात तो ‘ढकल्या’. सगळी गंमत ढकल्यात आहे, आणि मी पहिली माती तिथेच खाल्ली. मला वाटलं, तो डब्यात घट्ट बसला पाहिजे, पिचकारीच्या दट्ट्यासारखा. दोन रविवार मी त्याला घट्ट करण्यात घालवले. ढकल्याचं काम नेमकं उलटं. त्याच्या कडेने हवेला जायला दोन-तीन मिलिमीटरची फट हवी. तो वर गेला की हवा कडेने उतरून खाली गरम बाजूला येते, फुगते आणि रबराच्या पडद्याला वर ढकलते. तो खाली आला की हवा वर थंड बाजूला जाते, आकसते, पडदा आत ओढला जातो. ढकल्या स्वतः काहीच काम करत नाही, फक्त इतरांना इकडून तिकडे पाठवतो. हे लक्षात आल्यावर मला आमच्या साहेबांची आठवण झाली आणि पुढचं डिझाईन सोपं गेलं.

दुसरी माती कोनाची. सायकलच्या स्पोकमधून वाकवलेल्या दांड्याला दोन बाक द्यायचे, एक ढकल्याचा, एक पडद्याचा, आणि त्यांच्यात बरोबर काटकोन. ढकल्या पाव फेरी पुढे. मी दोघांना समोरासमोर ठेवलं. चाकाला हाताने गरगरा फिरवावं आणि त्याने जागच्या जागी थबकावं. तिसरी माती तेलाची. अडलेल्या यंत्राला तेल द्यावं हा सुसंस्कृत माणसाचा समज. बायकोच्या शिलाईयंत्राचं तेल घातलं, ते तापून चिकट खळ झालं. या इंजिनाला तेल चालत नाही, पेन्सिलीच्या शिशाची भुकटी चालते. मुलीच्या चित्रकलेच्या डब्यातल्या सगळ्यात काळ्या पेन्सिलीला मी रोज टोक काढू लागलो.

मार्चच्या एका दुपारी ते फिरलं. खरंच फिरलं! चाक म्हणून नाट्यगीतांची जुनी सीडी लावली होती, तिच्यावर इंद्रधनुष्य गरगरलं. मी ओरडलो. आई देवघरातून, बायको स्वयंपाकघरातून आणि मुलगी कानातली बोंडं काढून येईपर्यंत तीन-साडेतीन मिनिटं गेली. त्या आल्या तेव्हा इंजिन थांबत होतं.

“थांबवून दाखवायला बोलावलंस?” आई म्हणाली.

झालं असं की वरच्या वाटीतलं पाणीही तापलं. खालीही गरम, वरही गरम, मग हवेला हलायचं कारणच उरत नाही. मे महिन्यातल्या आमच्या ऑफिससारखं. मी घाईघाईने वाटीत नळाचं ताजं पाणी ओतलं. पण गोव्यात उन्हाळ्यात नळाचं पाणी म्हणजे गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी. त्यात भात अर्धा शिजतो. चौथ्या प्रयत्नात ज्योत मोठी केली, तर डब्याच्या तळाला भोक पडलं. तेव्हा धीर दिला तो इतिहासाने. 1843 साली डंडीच्या फाउंड्रीत स्टर्लिंगच्या भावाने, जेम्सने, वाफेचं इंजिन बदलून हवेवर चालवलं, आणि त्याचंही तापणारं टोक पुन्हा पुन्हा जळालं. शेवटी तिथे परत वाफ आली. फाउंड्रीवाल्यांना जे जमलं नाही ते मला शीतपेयाच्या डब्यात जमत नव्हतं, यात लाजण्यासारखं काय? बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “फाउंड्रीवाले शेजाऱ्यांचा कचरा उपसत होते का?”

मग कळलं की विस्तवच नको. 1983 साली इव्हो कोलिन नावाच्या क्रोएशियन प्राध्यापकाने गरम पाण्यावर चालणारं चपटं इंजिन करून दाखवलं होतं. पुढे अमेरिकेतल्या जेम्स सेन्फ्टने असली इंजिनं इतकी नाजूक केली की हाताच्या तळव्याच्या उबेवर चाक फिरतं. आता मला डबे नकोत, ताटल्या हव्यात! टोपांची दोन ॲल्युमिनियमची झाकणं, मधल्या कड्यासाठी श्रीखंडाचा डबा तळ कापून, ढकल्यासाठी माळ्यावरच्या गणपतीच्या मखराचा थर्माकोल, पडदा रबरी हातमोज्याचा, आणि तोल साधायला सीडीच्या कडेला चिकटवलेला रुपया. (आईला मखराचं अजून सांगितलेलं नाही. चवथीला बघू.) सांधे हवाबंद करण्यात एप्रिल संपला. गळती शोधायला ते बादलीत बुडवून बुडबुडे बघायचे. जगात ट्यूबचं पंक्चर काढणाऱ्याइतका दूरदर्शी माणूस नाही हे मला तेव्हा पटलं.

कपभर चहावर इंजिन ठेवलं. ढिम्म. पेन्सिल पूड, रुपया सरकव, पुन्हा चहा. दिवसाला अकरा कप चहा होऊ लागला. ओतून टाकवत नाही म्हणून मीच प्यायचो, मग रात्री झोप नसायची, मग रात्री पुन्हा इंजिन.

अखेर लेजर काढलं आणि हिशेब मांडला. कुठलंही उष्णतेचं इंजिन किती टक्के काम देऊ शकेल याची वरची मर्यादा दोन तापमानांवर ठरते: दोघांतला फरक भागिले गरम बाजूचं तापमान, पण हे दुसरं उणे 273 अंशांपासून मोजलेलं. चहा 80 अंश, आमचा हॉल 32. मर्यादा आली साडेतेरा टक्के. तोच चहा स्कॉटलंडात 10 अंशांच्या खोलीत घेतला, तर जवळजवळ 20. ही फक्त मर्यादा. हातात येतं ते त्यातलं शेंगदाण्याएवढं, आणि तेही माझ्या इंजिनाच्या घर्षणात जातं. पाद्रीबाबांचं निम्मं काम त्यांच्या हवेनेच केलं होतं. गोव्यात उष्णता फुकट मिळते, थंडी विकत घ्यावी लागते. फ्रीजकडे मी नुसतं पाहिलं, तर बायकोने पाठ लावून दार अडवलं.

रविवारी मामेभावाकडे सत्तरी तालुक्यात गेलो. काजूची भट्टी जोरात होती. तांब्याचं भाण चुलीवर खदखदत होतं, त्यातून नळी येऊन वाफ थंड करणाऱ्या मडक्यात, लावणीत, शिरत होती, आणि मामेभाऊ त्या मडक्यावर करवंटीने गार पाणी घालत बसला होता. घालतोय, घालतोय, थांबतच नाही. उर्राक, काजूची पहिल्या धारेची दारू, थेंब थेंब जमत होती. त्याला माझं दुखणं सांगितलं. तो मिश्कील हसला.

“दादा, विस्तव कोणीही घालतो. मी सकाळपासून बसलोय तो लावणीपाशी.”

दोन महिने मी खालच्या बाजूला नाक लावून बसलो होतो. वरच्या झाकणाकडे कोणी बघायचं? परतताना उर्राकची बाटली मी केवळ अभ्यासाचं साहित्य म्हणून घेतली.

त्या मंगळवारी रात्री वळवाचा पाऊस झाला आणि दिवे गेले. सकाळीही आले नव्हते. फ्रीजमधल्या बर्फाचं पाणी होऊन लाद्यांवर आलेलं, म्हणजे तीही वाट बंद. तेवढ्यात नुस्तेंवालीची, म्हणजे मासेवालीची, हाक आली. बायकोने डझनभर बांगडे घेतले आणि फ्रीज बंद आहे म्हणून तिच्याकडून वर चार मुठी बर्फ मागून घेतला. बांगडे परातीत, बर्फ बांगड्यांवर, बायको न्हाणीघरात.

मी बर्फ उचलला.

खाली वाफाळता चहा, वरच्या झाकणावर बर्फ. 80 आणि 0, मर्यादा साडेबावीस टक्के, स्कॉटलंडच्याही पुढे! रुपयाला बोटाने हलकेच टिचकी दिली. सीडी एकदा डुलली, थबकली, आणि मग जणू कोणी आतून हाक मारल्यासारखी निघाली. आवाज नाही, धूर नाही. नुसती फट् फट् अशी हातमोज्याची बारीक टाळी, आणि बांगड्याचा वास. मिनिटाला शंभराच्या आसपास फेऱ्या मी मोजल्या, मग मोजायचं विसरलो. मधेच हौस म्हणून चहा काढून टाकला आणि इंजिन बर्फाच्या वाटीवर ठेवलं, तर ते थांबलं, आणि टिचकी देताच उलटं फिरू लागलं. गरम-गार बाजूंची अदलाबदल झाली की दिशाही उलटते, हे मला माहीत होतं. तरी अंगावर काटा आला.

आई काठी टेकत आली. चाकाजवळ गाल नेऊन बराच वेळ उभी राहिली.

“फिरतंय छान. पण वारा का येत नाही रे?”

यावर दिवा लागेल का, हे मुलीने विचारलं. एलईडीचा बारीक मणीसुद्धा लागणार नाही, हे मी सांगितलं. फिलिप्स कंपनीने विजेची सोय नसलेल्या ठिकाणी रेडिओ चालवायला स्टर्लिंग इंजिनाचा जनित्रसंच बनवला होता, हेही सांगितलं. मग ट्रान्झिस्टर आला, रेडिओ बॅटरीच्या सेलवर चालू लागले आणि त्या संचाचं कामच गेलं, हे सांगायच्या आत न्हाणीघराचं दार वाजलं.

बायकोने आधी परात पाहिली. मग झाकण पाहिलं. मग मला.

सकाळी साडेआठला आमच्याकडे डझनभर बांगड्यांचं हुमण तयार होतं, कारण थांबायला त्यांना सवड उरली नव्हती. दोन दिवस तेच. दिवे दुपारी आले.

गुरुवारी नुस्तेंवाली फाटकाशी येऊन टोपली न उतरवताच थांबली आणि माझ्याकडे हनुवटी करून बायकोला म्हणाली, “आयज नुस्तें जाय गो बाय, काय ह्यांका निखटें बर्फ?”