टॉर्चने नव्हे, पापणी उचलून बघा

विल्सन आजारात, म्हणजे शरीरात तांबं साचत जाणाऱ्या आनुवंशिक आजारात, डोळ्यात साचणारं तांबं कॉन्फोकल मायक्रोस्कोपने (डोळ्याचे थर पेशींपर्यंत दाखवणाऱ्या यंत्राने) लवकर पकडता येतं, हा तुमच्या या आजारावरच्या लेखातला मुद्दा पटला. कॉर्नियाच्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक थराच्या) आतल्या बाजूच्या डेसमेट पडद्यात ते कण चकाकताना दिसतात. पण हे यंत्र तालुक्याच्या गावी कुठून आणायचं? तिथे भरवसा स्लिट लॅम्पचाच, म्हणजे प्रकाशाची बारीक फट टाकून डोळा मोठा करून दाखवणाऱ्या नेहमीच्या यंत्राचा, आणि तो नीट वापरला तर पुष्कळ सांगतो.

कॉर्नियाच्या कडेचं हे तांब्याचं कडं आधी वर धरतं, मग खाली, बाजू शेवटी जुळतात. म्हणजे सुरुवातीचा भाग नेमका वरच्या पापणीआड! पापणी उचलायची, प्रकाशाची फट अगदी बारीक करायची. मग कडेला चिकटलेली सोनेरी-तपकिरी पट्टी दिसते. आपली बुबुळं गडद, त्यामुळे टॉर्च मारून ‘काही नाही’ म्हणणं धोक्याचं. शंका असेल तर गोनिओस्कोपी (खास भिंगाने कॉर्नियाच्या कडेच्या कोनाची तपासणी) करावी. उतारवयातलं पांढुरकं कडं वेगळं, ते कडेला स्वच्छ फट सोडून असतं.

लेखात एक गोष्ट राहिली. कडं नाही म्हणून आजार नाही, असं समजू नये. फक्त लिव्हरचा त्रास असलेल्या बऱ्याच रुग्णांत ते नसतंच. उलट, पित्त तुंबण्याच्या जुनाट आजारातही क्वचित दिसतं. त्यामुळे रक्तातलं सेरुलोप्लाझ्मिन (तांबं वाहून नेणारं प्रथिन) आणि २४ तासांच्या लघवीतलं तांबं तपासावंच लागतं. कायझर आणि फ्लायशर या नेत्रतज्ज्ञांनी १९०२-०३ मध्ये कडं नोंदवलं, विल्सनने आजाराचं वर्णन केलं १९१२ मध्ये. डोळ्याचे डॉक्टर पुढेच होते की! पेनिसिलामाइन (तांबं शरीराबाहेर काढणारं औषध) किंवा झिंकने कडं हळूहळू फिकं होतं, म्हणून पहिल्याच भेटीत फोटो काढून ठेवावा.