कोर्स फुकट, पण रेंज कुठाय?

आज बेळगावात एका कार्यक्रमात एक मोठे पाहुणे माइकवरून म्हणाले, "आयआयटीचे प्राध्यापक मोबाइलवर फुकट शिकवताहेत, तरी आमच्या पोरांना रील्सच हवेत." टाळ्याही पडल्या. डोकंच फिरलं.

अहो, खानापूर तालुक्यात जांबोटीच्या वरच्या अंगाला एका वाडीतली मुलगी एनपीटीईएलचा, म्हणजे त्याच आयआयटीवाल्यांचा ऑनलाइन, आठ आठवड्यांचा कोर्स करतेय. घरात फोन एकच, तोही दिवसभर बापाबरोबर कामावर. संध्याकाळी तो घरी आला की ही चढावर जाते, कारण रेंज तिथेच मिळते. आठवड्याला अडीचेक तासांचे व्हिडिओ. ३६०पी या हलक्या क्वालिटीवर ठेवले तरी तासाला साधारण ३०० एमबी जातात.

त्यात जुलैचं सत्र म्हणजे ऐन पाऊस. झाड तारेवर पडलं की करंट जातो, टॉवरची बॅटरी उतरली की रेंजही जाते. आठवड्याची असाइनमेंट मात्र बुधवारी रात्री ११:५९ ला बंद. आठातल्या चांगल्या सहाच धरतात, दोन बुडाल्या तरी चालतं, हे मान्य. तिसरी बुडाली की शून्य धरून सरासरी खाली येते. तिची ती बुडाली. तिला रील्स हवे होते म्हणून?

आणि फुकट म्हणजे काय ओ? शिकणं फुकट. सर्टिफिकेट हवं तर परीक्षेचे १००० रुपये. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना निम्मे. परीक्षा केंद्रावर जाऊनच द्यायची. सकाळी ९ ची पाळी आली तर पहिल्या बसनंही वेळेत पोचायची खात्री नाही, म्हणजे आदल्या दिवशी पाहुण्यांकडे मुक्काम.

स्वयंप्रभाची, म्हणजे सरकारची शिकवणीची, टीव्ही चॅनेल डिशवर नेटशिवाय दिसतात, खरंय. पण टीव्हीवर असाइनमेंट भरता येत नाही.

असो, चिडून त्या पोरीला काय मिळणार? ज्यांच्या घरी कुणी हे कोर्स करतंय त्यांनी एवढं करा. लेक्चरची लेखी पीडीएफ खानापुरात आल्यावरच उतरवून घ्या, व्हिडिओच्या मानाने काहीच डेटा जात नाही. काही कोर्सना मराठी प्रतही आहे, पण पेपर इंग्रजीत, म्हणून मूळ शब्द शेजारी लिहून ठेवा. कच्ची उत्तरं रविवारीच सबमिट करा. मुदतीपर्यंत कितीदाही बदलता येतात, शेवटची धरतात. परीक्षेच्या फॉर्मात नाव आधार समोर ठेवूनच टाका. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावरचा नाईक आधारवर नायक झालेला असतो, आणि केंद्रावर ओळखपत्रच बघतात.

पंचायतीच्या अरिवु केंद्राचं, म्हणजे गावातल्या वाचनालयाचं काय? नेट असलं तरी पोरांच्या हातात वेळ असतो तेव्हा दाराला कुलूप. संध्याकाळी ७ ते १० उघडं ठेवा, राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा, म्हणजे करंट गेला तरी असाइनमेंट भरण्यापुरता वेळ मिळतो. त्या मुलीला अंधारात चढावर जावं लागणार नाही. ग्रामसभेत हा विषय घ्याच. अर्ज कन्नडमध्ये मागितला तर इनबॉक्स करा, लिहून देतो.