जामीन मंजूर, माणूस आतच

जामीन मंजूर झाला म्हणजे माणूस घरी आला, असं आपण धरून चालतो. सोलापूरच्या सेटलमेंट भागात कुणालाही विचारा, खरी धावपळ तिथून पुढे असते.

कोर्ट म्हणतं, जामीनदार आणा. जामीनदार म्हणजे सातबारा नाहीतर घराचा उतारा, कराची पावती, वर तहसीलमधून ऐपतीचा दाखला. पारधी, कैकाडी, टकारी समाजातल्या किती घरांत हे कागद सापडतील? १८७१ साली इंग्रजांनी आणलेल्या आणि नंतर आपल्याकडेही लागू झालेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने या जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरल्या. पुढे आपल्याच शहरात, याच सेटलमेंटमध्ये, त्यांना तारेच्या कुंपणात ठेवून रोज हजेरी घेतली गेली. त्यांच्या नावावर जमीन यायची कुठून?

मागच्या महिन्यात कोर्टाच्या आवारात एक मावशी भेटल्या. प्लास्टिकच्या पिशवीत आधार, रेशनकार्ड, मतदान कार्ड आणि आत असलेल्या पोराच्या लग्नाचा फोटोसुद्धा. "दादा, एवढं सगळं हाय की, अजून कसला कागद पायजे?" जामीन होऊनही पोरगा आतच होता.

इंग्रजांचा तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. पण घरफोडी झाली की आधी कुठल्या वस्तीत गाडी जाते, हे सोलापूरकरांना सांगायला नको. मग एकाच पोरावर तीन-चार केसेस चढतात. आणि जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतली मेख बघा. कलम ४७९ म्हणतं, आधी कधीच शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याने (म्हणजे ज्याचा खटला अजून संपलेला नाही) कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ काढला की त्याला सोडा. पण एकापेक्षा जास्त केसेस चालू असतील तर ही सवलत नाही! म्हणजे ज्यांच्यावर संशयाने केसेस टाकल्या जातात, नेमके तेच वगळले. हे मला अजिबात पटत नाही.

 

सुप्रीम कोर्टाने ३१ जानेवारी २०२३ ला सांगितलंय की जामीन होऊन महिन्यात हमी भरली गेली नाही, तर कोर्टाने स्वतःहून अट बदलण्याचा विचार करावा. वकील मित्रांनो, जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच हमीवर, सोडण्याचा अर्ज पहिल्याच तारखेला द्या ना. कोठडीतल्या माणसाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. तुमच्या ओळखीत कुणी असं अडकलं असेल तर इनबॉक्समध्ये कळवा, अर्ज लिहायला मी सोबत येईन.