परतीच्या प्रवासातली कावीळ

पावसाळा सुरू झाला की महाराष्ट्रातल्या एखाद्या तरी शहरातून काविळीच्या साथीची बातमी येते आणि ठरलेला वाद पेटतो. नगरपालिका सांगते की केंद्रातून सुटणारे पाणी शुद्ध आहे, नागरिकांनी आपापल्या टाक्या साफ ठेवाव्यात. नागरिक फुटलेली जलवाहिनी आणि तिच्या शेजारून वाहणारे गटार दाखवतात. टँकर येतात, क्लोरिनच्या गोळ्या वाटल्या जातात आणि पाऊस ओसरला की वादही ओसरतो. ही कावीळ नेमक्या कोणत्या विषाणूची होती, हा प्रश्न या गदारोळात फारच थोडे लोक विचारतात. इंग्लंडमधल्या एका रुग्णालयाच्या विषाणू प्रयोगशाळेत काम करत असल्यामुळे मला ही बातमी दोनदा भेटते. एकदा ती मराठी वर्तमानपत्रात येते, आणि काही आठवड्यांनी रक्ताच्या नमुन्यासोबतच्या अर्जावर, जिथे बहुतेक वेळा ‘कावीळ, भारतातून परत’ एवढेच लिहिलेले असते.

या काही आठवड्यांच्या अंतरातच निदानाची पहिली अडचण दडलेली आहे. इंग्लंडमधल्या शाळांना जुलैच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत सुट्टी असते. त्यामुळे इथली मराठी कुटुंबे मुलाबाळांसह गावी जातात ती नेमकी ऐन पावसाळ्यात, पाणी सर्वांत गढूळ असताना. दूषित पाण्यातून पसरणाऱ्या हिपॅटायटिस ‘ए’ या विषाणूची लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण दोन ते सात आठवडे जातात, तसाच पाण्यातून येणाऱ्या ‘ई’ला दोन ते नऊ, आणि रक्तातून पसरणाऱ्या ‘बी’ला तर सहा महिनेही लागू शकतात. सप्टेंबरच्या अखेरीस अंगावर थकवा आणि तोंडाला अन्न नकोसे झालेल्या माणसाला त्याच्या जीपीने, म्हणजे इथल्या नेहमीच्या डॉक्टरने, ‘अलीकडे कुठे प्रवास केलात का’ असे विचारले, तर तो प्रामाणिकपणे नाही म्हणतो. त्याच्या मनातला प्रवास म्हणजे स्पेनची सहल. आईला भेटायला कोल्हापूरला जाणे हे त्याच्या हिशेबी प्रवासात मोडतच नाही. लसीच्या बाबतीतही तेच घडते. प्रवासाआधी घ्यायची हिपॅटायटिस ‘ए’ची लस इथल्या सरकारी आरोग्यसेवेत मोफत मिळते, पण केनियाला फिरायला जाणारा इंग्रज ती आठवणीने घेतो आणि माहेरी जाणारी आपली ताई घेत नाही. विचारणाऱ्याने म्हणून गेल्या दोन महिन्यांतला, आणि ‘बी’ची शंका असेल तर गेल्या सहा महिन्यांतला, प्रत्येक मुक्काम आईच्या घरासकट विचारायला हवा.

त्यानंतर येते चाचण्यांचे काम. ताप असलेल्या परतीच्या प्रवाशात आधी मलेरिया तपासावा लागतो, कारण तो काही तासांत जिवावर बेतू शकतो. डेंग्यू, विषमज्वर आणि लेप्टोस्पायरोसिस हेही नजरेसमोर ठेवावे लागतात. विषाणूजन्य काविळीत डोळे पिवळे होईपर्यंत ताप बहुधा उतरलेला असतो, आणि तो चढाच असेल तर दुसरे काही शोधावे, ही जुन्या डॉक्टरांची खूण अजूनही उपयोगी पडते. यकृताची इजा दाखवणारे रक्तातले एएलटी हजारांच्या घरात गेलेले दिसले की ‘ए’ आणि ‘ई’च्या आयजीएम प्रतिपिंडांची (ताज्या लागणीची खूण), ‘ई’च्या आरएनएची (विषाणूचे जनुकीय द्रव्य), ‘बी’च्या पृष्ठभागावरील प्रतिजनाची (विषाणूचे स्वतःचे प्रथिन) आणि ‘सी’ची तपासणी एकदमच लावली जाते. सोबत रक्त गोठण्याचा वेळही पाहिला जातो, कारण यकृत कोलमडू लागले आहे हे बिलिरुबिनच्या आकड्यापेक्षा त्यावरून आधी कळते.

इथे एक सापळा आहे. समजा, अहवालात ‘बी’चे प्रतिजन सापडले. वरवर पाहता निदान संपले. पण भारतात जन्मलेल्या माणसात ते प्रतिजन जन्माच्या वेळी आईकडून आलेले आणि तीस-चाळीस वर्षे शांतपणे रक्तात असलेले असू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालाने २०२२ मध्ये भारतात दीर्घकालीन हिपॅटायटिस ‘बी’सह जगणाऱ्यांची संख्या सुमारे २ कोटी ९८ लाख धरली आहे, आणि त्यांतल्या बहुतेकांना आपल्याला तो आहे याची कल्पनाच नाही. अशा माणसाला गावी जाऊन ‘ई’ची लागण झाली, तर ‘बी’चा कागद हाती घेऊन थांबणारा डॉक्टर खरा हल्लेखोर सोडून देतो, आणि आधीच दुबळे झालेले यकृत दुहेरी माराखाली सापडते. म्हणून ‘बी’च्या गाभ्याविरुद्धचे आयजीएम पाहायचे, ‘बी’च्याच आधाराने वाढणारा ‘डी’ही तपासायचा, आणि एक उत्तर मिळाले तरी उरलेल्या चाचण्या रद्द करायच्या नाहीत. मला निदानातली शिस्त म्हणतात ती इथे दिसते.

मायदेशी यावर एक आक्षेप नेहमी ऐकू येतो, आणि तो निर्बुद्ध नाही. ‘ए’ काय आणि ‘ई’ काय, दोन्हींवर ठरावीक औषध नाही. विश्रांती, पाणी, हलका आहार, बहुतेक जण आपोआप बरे होतात. मग रोजंदारीवर पोट असलेल्या माणसाने चाचण्यांवर पैसे का घालवावेत? त्या एकट्या माणसापुरते पाहिले तर यात तथ्य आहे. पण विषाणूची चाचणी त्याच्या एकट्यासाठी नसतेच. ‘ए’ असेल तर घरातल्यांना कावीळ सुरू झाल्यापासून दोन आठवड्यांच्या आत लस देऊन वाचवता येते. इंग्लंडमध्ये तीव्र हिपॅटायटिस कळवणे डॉक्टरवर कायद्याने बंधनकारक आहे, आणि असा अहवाल गेला की सार्वजनिक आरोग्य विभागातून फोन येतो: घरात कोण कोण आहे, मूल कोणत्या शाळेत जाते, स्वयंपाक कोण करते. सहा वर्षांखालच्या मुलांना ‘ए’ झाला तरी बहुधा कावीळ दिसत नाही, त्यामुळे कधी कधी भारतात पाऊलही न ठेवलेली मावशी पिवळी पडते आणि शोध घेतल्यावर कळते की विषाणू तिच्यापर्यंत गावाहून परतलेल्या, खेळत्या-बागडत्या भाच्याने पोहोचवला.

गरोदर बाईच्या बाबतीत तर हा आक्षेप टिकतच नाही. भारतात फिरणारा हिपॅटायटिस ‘ई’चा पहिला जनुकीय प्रकार शेवटच्या तिमाहीत झाला तर साथींमध्ये पाचांतल्या एकीपर्यंत मृत्यूचे प्रमाण गेल्याच्या नोंदी आहेत. ‘ए’ आणि ‘ई’ दोघांनाही ‘कावीळ’ म्हणून एकाच खणात टाकणे तिच्यासाठी जीवघेणे आहे: तिला वेळेत मोठ्या रुग्णालयात हलवायचे की घरी झोपवायचे, हा निर्णय त्यावर अवलंबून असतो. १९५५-५६ मध्ये दिल्लीत यमुनेच्या पाण्यातून सुमारे २९,००० जणांना कावीळ झाली. ती ‘ए’चीच, असे पुढे दोन दशकांहून अधिक काळ मानले गेले; जपून ठेवलेले रक्ताचे नमुने तपासल्यावर ते चूक ठरले. २०१२ मध्ये इचलकरंजीत हाच ‘ई’ पुन्हा पाण्यातून आला आणि हजारो लोक आजारी पडले, काही दगावले. दोन्ही वेळा नमुने तपासले गेले म्हणूनच आज आपण सांडपाणी आणि नळ यांचा संबंध ठामपणे मांडू शकतो.

काविळीवरच्या घरगुती उपायांविषयीही लिहायला हवे, कारण निदानाचा तो भाग आहे. नाकात देवडांगरीचा रस घालणे, चुन्याच्या पाण्यात हात धुऊन पाणी पिवळे होताना दाखवणे, गळ्यात माळ बांधणे हे आपल्याकडे सुशिक्षित घरांतही चालते, आणि जो आजार बहुतेकांचा आपोआप बरा होतो त्याचे श्रेय माळेला जाते. कोविडच्या काळात घरोघर गुळवेलीचा काढा प्यायला जात होता. मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतलेल्या रुग्णांमधील यकृताच्या इजेची प्रकरणे प्रसिद्ध केली, तेव्हा आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला आणि वैद्यकीय प्रश्नाचा बघता बघता अस्मितेचा प्रश्न झाला. मला त्या वादात कोणा एका पद्धतीची बाजू घ्यायची नाही. विषाणूच्या सर्व चाचण्या नकारात्मक आल्यावर काढा, चूर्ण, क्षयाच्या गोळ्या, पॅरासिटामॉल यांची यादी रुग्णाने न बिचकता सांगावी, एवढेच मला हवे आहे. आणि जिथे विचारण्याचा अर्थच अपमान असा होतो, तिथे ती यादी लपवली जाते.

इंग्लंडमध्ये सगळे आलबेल आहे असे मात्र नाही. अर्जावर भारत दिसला की इथला डॉक्टर तेवढ्यावर समाधान मानतो. उलट, कुठेही न गेलेल्या म्हाताऱ्या इंग्रजाला कावीळ झाली तर ‘ई’ची चाचणी कित्येक वर्षे कोणाच्या डोक्यातही येत नसे. प्रत्यक्षात इथे आज सापडणारा बहुतेक ‘ई’ हा तिसऱ्या जनुकीय प्रकाराचा, डुकराच्या मांसातून येणारा, स्थानिक आहे, आणि इथे दान केलेले रक्तही आता त्यासाठी तपासले जाते. पुण्याहून परतलेल्या आणि इथे सॉसेज खाणाऱ्या माणसात विषाणू कुठला हे जनुकीय प्रकार पाहूनच ठरते. प्रवासाकडे बोट दाखवून थांबणारी प्रयोगशाळा तेवढीच चुकते, जेवढे ‘कावीळ आहे’ म्हणून थांबणारे खेड्यातले इस्पितळ.

आपल्याकडे कुवत नाही, हे तर मुळीच खरे नाही. हिपॅटायटिस ‘ई’वर जगाने ज्यांचे काम आधाराला घेतले त्यांत पुण्याची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था आहे. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात गीयाँ-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा नमुने त्याच संस्थेत गेले, जंतूंची नावे लवकर पुढे आली आणि चर्चा विहिरींवर व क्लोरिनवर आली. २०१८ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात ‘बी’ आणि ‘सी’ची तपासणी व उपचार मोफत आहेत, ‘ए’ आणि ‘ई’चाही त्यात समावेश आहे. अडते ते पुण्यापासून तालुक्यापर्यंतच्या अंतरात. जून ते ऑक्टोबर प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात ‘ए’ आणि ‘ई’च्या आयजीएम चाचणीचे संच असावेत, गरोदर बाईची चाचणी आधी व्हावी, आणि अहवाल त्याच दिवशी पाणीपुरवठा विभागाच्या टेबलावर पोहोचावा, ही मागणी पुढच्या पावसाळ्यातल्या वादात कोणीतरी करायला हवी. इथून गावी निघणाऱ्यांनी विमानाच्या तिकिटासोबतच ‘ए’च्या लसीची वेळ घ्यावी, शक्यतो निघण्याच्या दोन आठवडे आधी. ‘ई’वर अशी लस ना भारतात उपलब्ध आहे ना इंग्लंडमध्ये, म्हणून गरोदर असणाऱ्यांनी पावसाळ्यातली ती फेरी पुढे ढकलता येत असेल तर ढकलावी.