आमच्याकडेही असेच एक आजोबा होते
गिरणी बंद पडल्यावरही घराला झळ लागू न देणाऱ्या आजोबांवरचा नातवाचा हा लेख वाचला आणि आमचे आजोबा आठवले. तेही लालबागचे, कापड गिरणीच्या साळखात्यात (विणकामाच्या विभागात) साचे, म्हणजे माग, चालवायचे. १८ जानेवारी १९८२ला कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. आजोबा पुन्हा साच्यावर उभे राहिलेच नाहीत. मग भायखळ्याहून भाजी आणून विकली, पुढे वॉचमनची नोकरी.

रात्रपाळी करून आले तरी मला शाळेत सोडायला तेच. वाटेत फुटाण्यांची पुडी ठरलेली (आईला हे अजून माहीत नाही). राणीच्या बागेत पेंग्विन आले तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेली, तरी पणतीला घेऊन रांगेत उभे! बाहेर आल्यावर पहिला प्रश्न, "एवढं गार ठेवायचं म्हणजे लाइटबिल केवढं येत असेल रे?"

एक मात्र खटकलं. तुमच्या लेखात आजी एका ओळीत आटोपली. संपात आमचं घर आजीच्या खानावळीच्या डब्यांवर चाललं. आजोबा हे स्वतः चारचौघांत सांगायचे, आणि डबे पोचवायलाही तेच जायचे. त्या काळच्या पुरुषांत हे कमीच दिसायचं.

गेल्या पौषात ते गेले. गिरणी कामगारांच्या घरासाठी अर्ज भरलेला आहे, सोडतीत नाव लागलेलं नाही. आता वारस म्हणून बाबांचं नाव लावायचंय. कुणी हे केलं असेल तर कागदपत्रं काय लागली ते कृपया इथे लिहा.