उजवा कौल मिळेपर्यंत

गावाला तुमच्या वाट्याला सड्याच्या, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठाराच्या, पायथ्याची जमीन आली असेल आणि तिथे बारमाही झरा असेल, तर पहिलं काम म्हणजे तो आटवा. घाबरू नका, अवघड नाही. वाहत्या झऱ्याला किंमत नसते. त्याची पावती नाही, जीएसटी नाही. आटला की लगेच भाव फुटतो.

आमच्याच झऱ्याचं घ्या. जांभ्याच्या कपारीत पोफळीची पन्हळ खोचलेली, खाली कळशा ठेवून ठेवून गुळगुळीत झालेला दगड. मे महिन्यातसुद्धा पंधरा लिटरची कळशी मिनिटात भरायची. काकी पदरानं घाम पुसून होईपर्यंत कळशी काठोकाठ. मिनिटाला पंधरा म्हणजे दिवसाला 21,600 लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरा, तर रोजचे दोन भरून वर उरायचं, तेही आम्ही झोपलेले असताना, ड्रायव्हरच्या चहापाण्याशिवाय. पिढ्यान्‌पिढ्या हे फुकट घेतलं आणि वर आम्ही गरीब म्हणून रडत बसलो.

एवढं पाणी यायचं कुठून? हेक्टरभर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर दहा हजार लिटर होतात, म्हणजे एक टँकर. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. तुमच्या एका हेक्टरावर पावसाळ्यात तीन हजार टँकर रिते होतात, आणि तुम्ही छत्री घेऊन शिव्या घालत असता! जांभा भोकाभोकांचा, तो पाणी पितो, खाली चिकणमातीच्या थरावर ते अडतं आणि पायथ्याला पाझरतं. मात्र पिण्याइतका वेळ त्याला मिळाला पाहिजे. तो देते राई, म्हणजे जुनी दाट झाडी, मुळांनी आणि गुडघाभर पाचोळ्यानं. नाहीतर पाणी सड्यावरून सुटतं ते पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, आणि पऱ्यातून समुद्रात. तेव्हा हात घालायचा तो राईला.

राई देवाची असते, ही किरकोळ अडचण. पूर्वी काठी तोडायची तरी कौल लावून देवाला विचारत. तुम्हीही लावा. डावा आला तर पुन्हा लावा, उजवा मिळेपर्यंत लावत राहा, देवही कंटाळतो. व्यापारी उभ्या झाडांचा सौदा करतो आणि रोख मोजतो. पैसे देवळालाच लावावेत, म्हणजे कुणाला बोलायला जागा राहत नाही. आमच्या देवीला आता ग्रॅनाइटची फरशी आहे, स्टीलचं रेलिंग आहे. बाहेर पाय धुवायला नळही आहे. पाणी तेवढं नाही.

उरलेला सडा चिरेखाणीला द्या. खाण संपली की खड्डा राहतो, त्याला शेततळं म्हणता येतं.

माधव गाडगीळांच्या समितीनं 2011 मध्ये पश्चिम घाटावर अहवाल दिला होता. तो वाचू नका. आपल्याकडे वाचायच्या आधीच विरोध करायची पद्धत आहे, ती मोडू नये. न्यूयॉर्कचं उदाहरण कुणी तोंडावर फेकेल, त्यालाही भुलू नका. तिथे पाणी गाळायचा कारखाना बांधायला सहा ते आठ अब्ज डॉलर लागणार होते. त्या लोकांनी 1997 मध्ये करार करून त्याच्या कितीतरी कमी पैशांत जिथून शहराला पाणी येतं त्या कॅटस्किलच्या डोंगरातलं जंगल आणि शेती सांभाळायला घेतली. एवढं मोठं कंत्राट हातचं घालवलं! आपल्याकडे असा अध्यक्ष दुसऱ्यांदा निवडून येत नाही.

तरी निसर्गासाठी काहीतरी करावंसं वाटतंच. त्यासाठी वनराई बंधारा आहे. सिमेंटच्या रिकाम्या गोणींत माती भरून पऱ्यात रचायच्या, एवढंच. पण वाहतं पाणी असताना, ऑक्टोबर-नोव्हेंबरात बांधलात तर खरंच पाणी अडण्याचा धोका असतो. फेब्रुवारीत बांधा. पाय भिजत नाहीत आणि फोटो चांगले येतात.

मग बघा वाडीत पैसा कसा खेळतो. झरा होता तेव्हा कुणाला चार आण्यांचा रोजगार नव्हता. आता टँकरवाला आहे, डिझेल आहे, प्लॅस्टिकच्या टाक्या विकणारा आहे, बोअरवाला आहे. बोअरला दोनदा कोरडी धूळ लागली, त्याचेही पैसे त्याला मिळालेच. खाडीकाठी असाल तर खारं पाणी लागेल. मग ते गोडं करायचं मशीन घ्या. काकी तेवढी टँकरच्या रांगेत कुरकुरते. ‘लाकडां इकलीस नि पानी इकत घेतोस, ह्यो खयचो हिशोब रं?’ तिला अर्थशास्त्र कळत नाही.

आमचा टँकर भरतो तो चार मैलांवरच्या गावातल्या विहिरीवर. तिच्या डोक्यावर त्या गावची राई अजून उभी आहे, म्हणून एप्रिलातही पाणी कठड्यावरून हाताला लागेलसं. परवा तिथला एक मानकरी भेटला. आमच्या देवळाची फरशी त्याला फार आवडली. झाडांना काय भाव मिळाला, विचारत होता.

मी त्याला व्यापाऱ्याचा नंबर दिला.