घाटात ते बटण दाबू नका

पाऊस सुरू झाला की दरवर्षी एक मेसेज फिरू लागतो. यंदा तो मला तीन ग्रुपवर आला, त्यातला एक आमच्या घरचाच. मजकूर थोडक्यात असा: ‘घाट चढण्याआधी डॅशबोर्डवरचं घसरत्या गाडीचं चित्र असलेलं बटण दाबून ईएससी बंद करा. ही सिस्टीम ऐन वळणावर इंजिनाची ताकद तोडते, स्वतःच ब्रेक मारते, स्टिअरिंग तुमच्या हातात राहू देत नाही. रेसिंगवाले ती वापरत नाहीत. जुन्या गाड्यांना ती नव्हतीच. शिवाय मायलेज वाढतं.’ (ईएससी म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल, गाडी घसरू लागली की तिला सावरणारी यंत्रणा.) माझ्या भाच्याने हे वाचून आंबोली चढताना ते बटण दाबलं. सगळे सुखरूप पोहोचले. ‘काही झालं का, मामा?’ असं त्याने विचारलं, तेव्हा मला हे लिहावंसं वाटलं.

ताकद तुटते, हे खरं आहे. ओल्या चढावर, आवळलेल्या वळणात पुढची चाकं गाडी ओढत असतात आणि आतल्या बाजूच्या चाकावर भार कमी असतो. ते चाक जागच्या जागी फिरू लागलं की ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे ईएससीच्या जोडीने काम करणारी, चाक नुसतं फिरणं रोखणारी सोय, त्याला ब्रेक लावतं आणि इंजिनाचा जोर कमी करतं. चालवणाऱ्याला वाटतं, गाडी मेली. पण टायरची पकड एकच असते. ओढणं, वळणं, थांबणं या तिन्हींत ती वाटली जाते. पुढचं चाक नुसतं फिरत राहिलं तर वळायला पकड उरतच नाही आणि गाडी वळणाबाहेर, कठड्याकडे सरकते. तुटलेली ताकद रस्त्यापर्यंत पोहोचतच नव्हती. गियर आधीच खाली घ्या आणि ॲक्सिलरेटर हळू द्या, म्हणजे यंत्रणा मध्ये पडल्याचा डॅशबोर्डवरचा दिवा लुकलुकायची वेळ क्वचितच येईल.

‘स्वतःच ब्रेक मारते’ या वाक्यात सगळ्यात मोठा गैरसमज आहे. स्टिअरिंग किती फिरवलंय हे एक सेन्सर सांगतो, गाडी प्रत्यक्षात किती वळतेय हे दुसरा, आणि प्रत्येक चाकाचा वेग वेगळा मोजला जातो. दर सेकंदाला कित्येक वेळा ही यंत्रणा एकच गोष्ट ताडून पाहते: तुम्हाला जायचंय तिकडेच गाडी चाललीय ना? चालली असेल तर ती काहीही करत नाही. गाडीचं शेपूट बाहेर निघू लागलं तर ती मुख्यतः बाहेरच्या बाजूचं पुढचं चाक धरते. नाक वळणाबाहेर जाऊ लागलं तर आतल्या बाजूचं मागचं चाक. म्हणजे ती तुमच्याच हाताचं ऐकते, गाडी ऐकत नसते तेव्हा. आणि कितीही मुरलेला ड्रायव्हर असो, त्याच्या पायाखाली ब्रेकचं पेडल एकच असतं. एकट्या मागच्या डाव्या चाकाला ब्रेक लावणं कुणालाही शक्य नाही.

मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा दोन गोष्टींची गल्लत केली आहे. स्टिअरिंग हातातून ओढल्यासारखं वाटतं ते सहसा लेन असिस्टमुळे, म्हणजे पट्टे पाहून गाडी लेनमध्ये ठेवणाऱ्या सोयीमुळे. ती वेगळी यंत्रणा आहे, तिचं बटणही वेगळं. पुसट पट्टे, मध्येच खड्डा आणि समोरून आपल्या लेनमध्ये घुसलेली एसटी अशा रस्त्यावर ती गोंधळते. घाटात ती बंद ठेवायला माझी काहीच हरकत नाही, मीही ठेवतो.

रेसिंगचं उदाहरण तर उलटंच पडतं. फॉर्म्युला वनमध्ये 2001 ते 2007 ट्रॅक्शन कंट्रोलला परवानगी होती आणि सगळे संघ ते वापरत होते. 2008 पासून ते बंद केलं गेलं, कारण त्याच्यामुळे ड्रायव्हरचं कसब झाकलं जात होतं. निरुपयोगी असतं तर बंदी घालावीच लागली नसती. शिवाय तिथे घसरणाऱ्या गाडीसाठी मोकळी जागा ठेवलेली असते. ताम्हिणीत एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला दरी.

जुन्या गाड्यांना ही यंत्रणा नव्हती हे खरं, पण ती आली ती माणसं मरत होती म्हणून. 1995 साली मर्सिडीजच्या महागड्या गाडीत ती पहिल्यांदा बसली. 1997 मध्ये त्याच कंपनीची छोटी ए-क्लास स्वीडनमधल्या एका मासिकाच्या चाचणीत, अचानक आडव्या आलेल्या प्राण्याला चुकवावं तशी वळवताना उलटली, आणि त्यानंतर त्या छोट्या गाडीतही ती सरसकट दिली गेली. पुढे अमेरिकेने 2012 च्या मॉडेलपासून आणि युरोपने 2014 पासून नव्या गाड्यांना ती सक्तीची केली. एकट्या गाडीच्या जीवघेण्या अपघातांचा धोका तिच्यामुळे साधारण निम्म्यावर येतो, असं अमेरिकेतल्या अभ्यासांत दिसलं आहे. गाड्यांची सुरक्षितता तपासून तारे देणाऱ्या आपल्याकडच्या भारत एनकॅपमध्येही तीन किंवा जास्त तारे हवे असतील तर ईएससी लागतेच.

मायलेजचं म्हणणं निराधार आहे. यंत्रणा मध्ये पडत नाही तोवर तिच्यामुळे जाणवेल इतकं इंधन जळत नाही.

मग ते बटण दिलंय कशाला? गाडी चिखलात किंवा वाळूत रुतली की बाहेर निघायला चाक थोडं फिरावंच लागतं, आणि ट्रॅक्शन कंट्रोल नेमकं तेच अडवतं. परदेशात बर्फात टायरला साखळ्या लावल्यावरही ते बंद करतात. शेताच्या बांधावर अडकलात तर जरूर दाबा, आणि डांबरी रस्त्याला लागण्याआधी परत चालू करा.

आता भाच्याचा प्रश्न. बऱ्याच गाड्यांत ते बटण एकदा टिचकीसारखं दाबलं तर फक्त ट्रॅक्शन कंट्रोल बंद होतं. ईएससी पूर्ण बंद करायला ते काही सेकंद दाबून धरावं लागतं. काही गाड्या ती पूर्ण बंद होऊच देत नाहीत, आणि इंजिन बंद करून पुन्हा चालू केलं की ती सहसा आपोआप परत येते. आम्ही दोघांनी त्याच्या गाडीचं मॅन्युअल उघडून पाहिलं. त्याने बटण नुसतं एकदा दाबलं होतं. म्हणजे आंबोलीच्या त्या सगळ्या वळणांवर ईएससी चालूच होती.